ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

मागच्या महिन्यात आईला केवायसीसाठी बँकेत नेलं होतं. काउंटरपलीकडच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला, आईने चष्मा लावला, पेन उघडलं आणि थांबली. "कुठलं नाव लिहू गं?"

आई 82 वर्षांची आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक नाव आहे, आधार कार्डावर दुसरं. 1964 साली तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आणि आडनावाबरोबर तिचं पाळण्यातलं नावही गेलं. आता जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा दाखलाच हवा होता. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे त्या मुलीला पटवायला पाऊण तास गेला. तिला पटलं, कागदाला पटेना.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मला खरंच क्षणभर कळेना, मी कोणती ते." ती हसत होती, मला मात्र हसू येईना. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी बी.ए.च्या वर्गात एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने सांगितलेले मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे फळ्यावर लिहिते, मुलं तो तक्ता वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसाच्या तसा लिहितात आणि मोकळी होतात. लक्ष्मी रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा वाटलं, इतकी वर्षं आपण हा विषय चुकीच्या टोकाने शिकवतोय. तो तक्त्यापासून नाही, नावापासून सुरू करायला हवा.

कारण एरिक्सनचीही नावाचीच भानगड होती. त्याचा जन्म 1902 सालचा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. आई डॅनिश ज्यू. खरे वडील कोण, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. आईने पुढे होम्बुर्गर नावाच्या एका बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं, हेच तुझे वडील असं मुलाला सांगितलं, आणि तो एरिक होम्बुर्गर म्हणून वाढला. सोनेरी केस, निळे डोळे. सिनेगॉगमध्ये तो ज्यू वाटायचा नाही आणि शाळेत जर्मन पोरांच्या लेखी तो ज्यूच. पुढे चित्रकार व्हायचं म्हणून काही वर्षं युरोपभर भटकला. व्हिएन्नात एका लहानशा शाळेत शिकवण्याचं काम मिळालं, तिथे सिग्मंड फ्रॉइडच्या मुलीशी, ॲनाशी गाठ पडली आणि तो मनोविश्लेषणाकडे वळला. 1933 मध्ये अमेरिकेला गेला. 1939 मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना त्याने आडनाव बदललं: एरिक्सन. एरिकचा मुलगा एरिक. स्वतःच्या नावापुढे बापाच्या जागी स्वतःलाच बसवणारा हा माणूस पुढे 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द जगाला देतो, यात मला तरी काही नवल वाटत नाही. कॉलेजची पदवी त्याने कधीच घेतली नाही आणि तरी हार्वर्डला प्राध्यापक झाला, हे मात्र मी वर्गात फार मोठ्याने सांगत नाही.

आता 'आयडेंटिटी'ला मराठीत काय म्हणायचं? पाठ्यपुस्तकं 'अस्मिता' म्हणतात. हा शब्द राजकारणाने इतका वापरलाय की तो ऐकला की डोळ्यांसमोर झेंडेच येतात. शिवाय पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे, म्हणजे ती जोपासायची नव्हे तर सोडायची गोष्ट. मला साधा 'ओळख' हाच शब्द बरा वाटतो. तो किती कामं करतो बघा. मी कोण, ती माझी ओळख. दोघांचा परिचय होतो, तीही ओळख. महापालिकेत काम अडलं की लोक विचारतात, "तिथे कोणाची ओळख आहे का?" आणि लग्नात समोरून जाऊनही कोणी बोललं नाही की आपण म्हणतो, "ओळखसुद्धा दाखवली नाही."

एरिक्सनचं म्हणणं या एका शब्दात जवळजवळ सगळं येतं. कालची मी, आजची मी आणि उद्याची मी एकच आहे, ही आतली खात्री हा ओळखीचा अर्धा भाग. आजूबाजूची माणसंही मला तीच समजतात, हा उरलेला अर्धा. ओळखायला दुसरं कोणी लागतं. 'मनोसामाजिक' या जड शब्दाचा अर्थ एवढाच: मन एकटं वाढत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा भर शरीराच्या प्रेरणांवर आणि बालपणावर होता. एरिक्सनने 1950 साली 'चाइल्डहूड अँड सोसायटी' हे पुस्तक लिहून ती गोष्ट थेट म्हातारपणापर्यंत नेली आणि घर, शाळा, समाज यांना तिच्या मधोमध आणून बसवलं.

टप्प्यांकडे वळण्याआधी एक गैरसमज. आपल्याकडे कशाचेही आठ टप्पे म्हटले की लोकांना पहिली ते आठवी ऐकू येतं. पास झालात तर वरच्या वर्गात, नापास झालात तर बसा तिथेच. एरिक्सनच्या टप्प्यांमध्ये कोणी पास होत नाही. वय वाढेल तसा एकेक प्रश्न ऐरणीवर येतो, त्याला दोन टोकं असतात, आणि माणसाला दोन्ही टोकांचं थोडं थोडं लागतं. चांगलं टोक जड भरावं, एवढीच अपेक्षा. लोक फक्त चांगली टोकं उचलतात आणि त्यांची पदकं करून मिरवतात, अशी तक्रार त्याने स्वतःच केली होती. शिवाय आधीचा प्रश्न पुढे गेल्यावर मिटत नाही, रूप बदलून पुन्हा येतो.

पहिला प्रश्न पाळण्यातच येतो. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या बिचाऱ्या जिवाला नावाशी काही देणंघेणं नसतं. त्याचा प्रश्न वेगळा असतो: मी रडलो तर कोणी येणार का? भूक लागली की दूध येतं, ओलं झालं की कोणीतरी कोरडं करतं, हे रोज, साधारण त्याच रीतीने झालं की बाळाला जगाचा भरवसा वाटू लागतो. आई नजरेआड गेली तरी ती परत येणार हे कळून ते शांत राहतं, ही त्याची पहिली सामाजिक कमाई. पुण्यात सहा-सात महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात सोडून हिंजवडी गाठणाऱ्या आया माझ्याकडे या टप्प्याबद्दल अपराधी चेहऱ्याने विचारतात. त्यांना मी सांगते की मुद्दा चोवीस तास जवळ असण्याचा नाही, काळजीत सातत्य असण्याचा आहे. पाळणाघरातली मावशी तीच असेल आणि प्रेमाने घेत असेल, तर भरवसा तिथेही वाढतो. आणि थोडा अविश्वासही हवाच. कोणीही चॉकलेट दाखवलं की त्याच्यामागे निघालेलं मूल कोणाला हवंय?

दीड-दोन वर्षांचं झालं की घरात एकच घोषणा: "माझं मी!" चप्पल उलटी घालीन पण मी घालीन. भात सांडीन पण मी खाईन. इथे स्वायत्तता एका बाजूला, लाज आणि शंका दुसऱ्या बाजूला. लाज म्हणजे कोणीतरी बघतंय ही जाणीव, आणि ती पेरण्याची आपली पद्धत तयारच असते: "शी! सगळे बघतायत हं!" थोडी लाज लागते, नाहीतर माणूस समाजात राहणार कसा. पण प्रत्येक सांडलेल्या भाताला 'सगळे बघतायत' जोडलं, तर पुढे चाळिशीतही सही करताना हात अडखळतो.

त्यापुढचे दोन टप्पे मला दिवाळीच्या किल्ल्यात एकत्र दिसतात. चार-पाच वर्षांचं पोर सोसायटीच्या कोपऱ्यात मातीत हात घालून बसलेलं असतं. गुहा इथेच, वाघ इथेच, आणि महाराजांच्या शेजारी डायनोसॉरही बसणार. योजना त्याची, हुकूम त्याचा. हा पुढाकार. मग ते बुरुजावर पाय ठेवतं, बुरुज ढासळतो, दादा ओरडतो, "तुझ्यामुळे सगळं गेलं!" चेहरा उतरतो. हा अपराधभाव, पुढाकाराची दुसरी बाजू. पोर पुढच्या वर्षी पुन्हा मातीत उतरतं की बाजूला उभं राहून नुसतं बघतं, ते त्या ओरड्यानंतर काय झालं यावर बरंच अवलंबून असतं.

त्याच किल्ल्यावर नऊ वर्षांचा दादा काय करतो ते बघा. त्याला डायनोसॉर चालत नाही. त्याने रायगडाचा नकाशा छापून आणलाय, मोहरी चार दिवस आधी पेरलीय, बुरुजांना गेरू लावलाय, आणि पलीकडच्या सोसायटीच्या किल्ल्याला कारंजं आहे हे कळल्यापासून त्याला झोप नाही. त्याला आता खरंखुरं काम जमायला हवंय, आणि ते जमलं असं इतरांनी म्हणायला हवंय. एरिक्सन याला उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड म्हणतो. शाळेची सगळी वर्षं याच ओढाताणीची. माझ्या वेळी चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची. माझं नाव यादीत नव्हतं, शेजारच्या मुलीचं होतं, आणि तिच्या घरून आलेला पेढा मी आजही विसरलेले नाही. पण या टप्प्याचा दुसरा धोका एरिक्सनने सांगितला, तो पुण्यातल्या पालकांनी भिंतीवर लावावा असा आहे: कामच सर्वस्व मानणारं मूल. मार्क म्हणजेच मी, असं ज्याला दहाव्या वर्षी पटलं, त्याची पुढची ओळख फार अरुंद पायावर उभी राहते.

आता पाचवा टप्पा, ज्याच्यासाठी एरिक्सन ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात रणांगणावरून आलेले सैनिक बघत होता. ते वेडे नव्हते आणि नाटकही करत नव्हते. त्यांची सलगता तुटली होती. युद्धाआधीचा मी आणि आत्ताचा मी एकच, हे त्यांना आतून जाणवेनासं झालं होतं. त्यावरून 'ओळखीचा पेच', म्हणजेच आयडेंटिटी क्रायसिस, ही कल्पना त्याला सुचली. मग त्याच्या लक्षात आलं की हेच, सौम्य रूपात, प्रत्येक किशोरवयीन मुलाचं होतं. आवाज फुटतो, अंग बदलतं, आरशात भलताच कोणी दिसतो, आणि नेमकं तेव्हाच जग विचारायला लागतं, "मग पुढे काय करायचं ठरवलंयस?" आपल्याकडे हा प्रश्न दहावीच्या निकालाच्या दिवशी येतो आणि उत्तर अकरावीचा फॉर्म भरायच्या आत लागतं.

एरिक्सनने इथे एक शब्द वापरला: मोरॅटोरियम. तो आपल्याला 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने शिकवला. लॉकडाउनमध्ये कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली होती ना, तोच. कर्ज माफ नाही, फक्त आत्ता मागणार नाही. समाजानेही तरुणांना अशी मुदत द्यावी, असं तो म्हणतो. कायमचं कोण व्हायचं हे ठरवण्याआधी दोन-चार प्रकारे जगून बघायची सोय.

पुढे 1966 मध्ये जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने यातूनच दोन साधे प्रश्न काढले. तू शोधाशोध केलीस का? आणि कशाशी तरी बांधून घेतलंस का? दोन प्रश्न, प्रत्येकाची हो-नाही उत्तरं, म्हणजे चार स्थिती. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, तो विखुरलेला. शोध न करताच बांधलेला, त्याची ओळख आधीच ठरलेली: आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, दवाखान्याची पाटी तयार, फक्त नाव रंगवायचं बाकी. शोध चालू पण ठरलेलं काही नाही, तो मुदतीवरचा. आणि शोधून मग बांधलेला, त्याला ओळख गवसली.

मुदतीवरची माणसं बघायची असतील तर सकाळी साडेसहाला नवी पेठेत किंवा शास्त्री रोडला चक्कर मारा. अभ्यासिकांबाहेर सायकली आणि बाइक, टपरीवर चहा, हातात चालू घडामोडींची पुस्तिका. लातूर, बीड, सोलापूर, यवतमाळ, कुठकुठून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत असतात. वरवर पाहिलं तर हाच एरिक्सनचा मोरॅटोरियम. मला मात्र शंका आहे, आणि ही माझी शंका, पुस्तकातली नव्हे. मुदत शोधण्यासाठी असते. इथे शोध नसतोच. ओळख आधीच ठरलीय, उपजिल्हाधिकारी किंवा निदान पीएसआय, फक्त ती मिळत नाहीये. गावात लोक 'साहेब' म्हणायला लागलेत, पोस्ट अजून निघालेली नाही. खुल्या गटाला राज्यसेवेची परीक्षा 38 व्या वर्षापर्यंत देता येते, म्हणजे ही स्थिती पंधरा वर्षंही चालू शकते. मार्सियाच्या चौकटीत हिला कुठे बसवायचं? आधीच ठरलेली ओळख, पण पाटी कोरी. माझ्या वर्गातला एक मुलगा तीनदा पूर्वपरीक्षा देऊन मग बी.ए.ला आला होता. तो म्हणाला, "मॅडम, नापास होण्याचं काही नाही. गावी गेल्यावर मी कोण म्हणून जाऊ, हे कळत नाही." ओळखीचा पेच याहून नेमक्या शब्दांत मी कुठे वाचलेला नाही.

दुसऱ्या टोकाची गोष्टही पुण्यातलीच. 1962 साली, मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. मुंजीचा गाभा घेऊन किशोरवयीन मुलामुलींसाठी तिथे विद्याव्रत संस्कार होतो. मुंज फक्त मुलांची आणि ठरावीक जातींची. हे व्रत सगळ्यांचं. 'तू आता मोठा होतोयस, कशासाठी शिकणार ते ठरव' असं चारचौघांत म्हणणारा एखादा प्रसंग मुलाच्या वाट्याला येणं, याचं महत्त्व एरिक्सनला पटलं असतं. योगायोग असा की त्याच 1962 मध्ये तो भारतात होता. अहमदाबादला मानवी जीवनचक्रावर एक चर्चासत्र होतं, त्यासाठी आला आणि 1918 च्या गिरणी संपातल्या गांधींमध्ये गुंतून गेला. त्यातून आलेल्या 'गांधीज ट्रुथ' या पुस्तकाला 1970 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. तिथेच त्याला भेटलेला तरुण सुधीर कक्कर पुढे मनोविश्लेषक झाला आणि त्याने आपले चार आश्रम आणि एरिक्सनचे टप्पे शेजारी ठेवून पाहिले. फरक डोळ्यांत भरतो: ब्रह्मचर्याश्रम सुरू होतो तेव्हा एरिक्सनचे पहिले तीन टप्पे उरकलेले असतात.

सहावा टप्पा जवळिकीचा. आपण कोण हे साधारण कळलं की मग दुसऱ्यात मिसळायची भीती वाटत नाही, आपण विरघळून जाऊ असं वाटत नाही. ते नसेल तर माणूस अंतर राखून एकटा पडतो. ऐकायला चोख वाटतं, पण इथेच सिद्धांताला मोठी चीर जाते. आधी ओळख, मग जवळीक, हा क्रम कोणाचा? पुरुषाचा. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने 1982 मध्ये हाच आक्षेप घेतला: बायकांच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकत्र, एकमेकींतून घडत येतात, आणि पुरुषाचा क्रम सगळ्यांच्या माथी मारला की बाई अपुरी दिसू लागते.

गिलिगन अमेरिकेतून बोलत होती. ताटातल्या तांदळाचं तिला काय ठाऊक! माझ्या आईला जवळीक आधी मिळाली आणि तीही ओळख पुसून. एकविसाव्या वर्षी तिने नवं नाव घेतलं, नवं घर घेतलं, आणि त्या नावाची बाई कोण आहे हे पुढची वीस वर्षं ती शोधत होती. ते नाव तिने मनापासून स्वीकारलंय, मी तिच्यावर अन्याय ओढूनताणून लादत नाही. पण तिची शाळेतली मैत्रीण फोनवर जुन्या नावाने हाक मारते तेव्हा तिचा आवाज बदलतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. आता काळ हळूहळू सरकतोय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहिलं जातं. कागदाचं मन वळायला वेळ लागतो, एवढंच.

सातव्या टप्प्याला एरिक्सनने स्वतः शब्द घडवला, जनरेटिव्हिटी. मराठी नोट्समध्ये मी त्याचं 'उत्पादकता' झालेलं पाहिलंय. जणू पिंपरीतल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल. अर्थ असा: पुढच्या पिढीसाठी काहीतरी उभं करण्याची, सांभाळण्याची, हाती देण्याची ओढ. स्वतःची मुलं हा त्याचा एक मार्ग, एकमेव नव्हे. ही ओढ नसली की माणूस साचतो, स्वतःचंच लाडकं मूल होऊन बसतो.

पुण्यात याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. कर्वेनगरला जाणाऱ्या बसच्या पाटीवरच ते लिहिलेलं आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. पहिली पत्नी 1891 मध्ये वारली. दोन वर्षांनी त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, गावाने बहिष्कार घातला. गोदूबाईंची लग्नानंतर आनंदीबाई झाली, म्हणजे नाव बदलण्यातून सुधारकाची बायकोही सुटली नाही. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेल्यावर कॉलेज सुटलं की कर्वे तिथवर चालत जात. 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 वर्षांचे. तक्त्याप्रमाणे चाळीस ते पासष्ट ही या टप्प्याची वर्षं, म्हणजे इथवर सगळं तक्त्यात बसतं. पण 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि 1944 मध्ये, 86 व्या वर्षी, समता संघ. तक्त्यातल्या आकड्यांना किती मानायचं, ते मुलांना सांगायला मला एवढं पुरतं. उलट पस्तिशीतच साचलेली माणसंही आपल्या ओळखीत असतात. त्यांची नावं मी इथे लिहित नाही, तुम्हाला सुचलीच असतील.

एरिक्सनचं स्वतःचं या टप्प्यावर काय झालं, हेही सांगायला हवं, नाहीतर तो संत वाटेल. 1944 मध्ये त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवलं गेलं आणि भावंडांना बाळ गेल्याचं सांगितलं गेलं. निरोगी वाढीचा नकाशा ज्या घरात आखला जात होता, त्याच घरातलं एक मूल त्या नकाशाबाहेर होतं. मी हे वर्गात सांगते तेव्हा सगळे गप्प होतात. मलाही त्यापुढे काय बोलावं ते कळत नाही.

आठवा टप्पा मागे वळून पाहण्याचा. झालं ते आयुष्य माझं होतं, दुसरं कुठलं असू शकत नव्हतं, हे चुकांसकट कबूल करता आलं तर मन एकसंध राहतं. नाही तर वैफल्य: वेळ संपला आणि नवी वाट धरायला आता उसंत नाही. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर आजोबा पानशेतच्या पुराची गोष्ट पन्नासाव्यांदा सांगतात, तेव्हा घरचे कंटाळतात. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, पाणी पेठांत घुसलं, आम्ही पोथी आणि भांडी उचलून वाड्याच्या माळ्यावर चढलो. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये मांडलं होतं की म्हातारपणचं हे आठवणं बरळणं नसतं. माणूस आयुष्याचा हिशोब जुळवत असतो. नीट ऐकलं तर पन्नासाव्या वेळी गोष्टीत एखादा तपशील बदललेला असतो. कोणाला तरी माफ केलेलं असतं, किंवा पहिल्यांदाच दोष दिलेला असतो.

आठवर गोष्ट संपायची होती. एरिक्सन 1994 मध्ये, 91 व्या वर्षी गेला. त्याची बायको जोन आयुष्यभर त्याच्याबरोबर या टप्प्यांवर काम करत होती, त्याचं लिखाण तिच्या नजरेखालून जात असे. नव्वदी ओलांडल्यावर तिला जाणवलं की आठवा टप्पा ज्याने लिहिला तो तेव्हा खरा म्हातारा नव्हता. 1997 मध्ये तिने जुन्या पुस्तकात नववा टप्पा जोडला. तो नवा प्रश्न आणत नाही. शरीर ऐकेनासं झालं की जुने सगळे प्रश्न परत येतात, आणि या वेळी वाईट टोक पुढे असतं. डोळे, कान, गुडघे यांच्यावरचा भरवसा जातो, म्हणजे पहिला टप्पा. कपडे घालायला, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणजे दुसरा, आणि त्याची लाजही तीच. समवयस्क एकेक जातात, जुन्या नावाने हाक मारणारं कोणी उरत नाही, म्हणजे पाचवा.

बँकेतून आलो त्या दिवशी रिक्षा सोसायटीच्या दाराशी थांबली. आईने आधी काठी बाहेर टेकवली, मग एक पाय. मी सवयीने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला.

"थांब गं," ती म्हणाली. "माझं मी."

रिक्षावाला मीटरकडे बघत थांबला. मीही थांबले.